घरात पिल्लू हातावर वाढवणे: आधी ऊब, मग घास

ओसरी (पुणे)

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी निरोप पाठवून मला जवळपास एकच प्रश्न विचारला, की पिल्लू घरी हातावर कसे वाढवायचे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. आमच्या घरी कोकाटीलची, म्हणजे तुरा असलेल्या लहान पोपटांची, एक जोडी आहे. (बाजारात कोकाटीलला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात आणि बजरीगरला ‘लव्हबर्ड’. दुकानात गेल्यावर तीच नावे घ्यावी लागतात, नाहीतर दुकानदार आपल्यालाच अडाणी ठरवतो.) या जोडीने आषाढाच्या अखेरीस पाच अंडी घातली आणि त्यांतली चार फुटली. कोकाटीलची मादी साधारण एक दिवसाआड एक अंडे घालते आणि १८ ते २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते, त्यामुळे थोरल्या आणि धाकट्या पिल्लाच्या वयात सहज आठवड्याचे अंतर पडते. आमचे चौथे पिल्लू अंड्यातून निघाले तेव्हा थोरले त्याच्या कितीतरी पट मोठे झाले होते. आईबाप घास घेऊन आले की वरची तिघे माना उंचावून तो पटकावत आणि हे खाली चिरडलेले असे. सहाव्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा त्याच्या गळ्याखालची, घास साठवणारी पिशवी रिकामी दिसली, तेव्हा मी त्याला उचलले. त्या वेळी त्याचे वजन ९ ग्रॅम होते.

पुढचे सांगण्याआधी एक कबुली देते. तीन वर्षांपूर्वी असेच एक पिल्लू माझ्या हातून मेले आहे. हाताला गार लागत होते, चोच उघडत नव्हते, म्हणून ते भुकेने मलूल झाले आहे असे मला वाटले आणि मी घाईघाईने पातळ खाद्य कालवून ड्रॉपरने त्याच्या चोचीत सोडले. ते खाद्य श्वासनलिकेत गेले. श्वासाबरोबर बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली, आणि पहाटेपर्यंत सगळे संपले. ते पिल्लू भुकेले होतेच, पण त्याहून आधी ते गारठलेले होते, आणि हा क्रम मला ठाऊक नव्हता.

गारठलेल्या पिल्लाच्या पोटाचे काम थांबते. घातलेला घास पिशवीत तसाच पडून राहतो आणि आंबतो, आणि वरून आपण दर दोन तासांनी आणखी भर घालत राहतो. म्हणून या वेळी पहिला तास मी त्याला काहीही भरवले नाही. गळका झाल्यामुळे माळ्यावर टाकून दिलेला एक फिशटँक खाली काढला, त्याच्या निम्म्याच तळाखाली शेकण्याचे पॅड सर्वांत कमी आचेवर ठेवले आणि मध्ये टॉवेलच्या दोन घड्या घातल्या. निम्मा भाग मुद्दाम थंड ठेवला, कारण फार गरम लागले तर पिल्लाला सरकायला जागा हवी. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा, काचेला वरच्या बाजूला चिकटवू नये. नुकत्याच जन्मलेल्या उघड्या पिल्लाला सुमारे ३५ ते ३६ अंश सेल्सिअस लागतात, पिसांचे कोंब दिसू लागले की २९ ते ३२ पुरतात, आणि अंग पिसांनी झाकले की २४ ते २७ वर भागते. आकडे हाताशी असावेतच, पण पिल्लू स्वतःही सांगते. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून दूर धरत असेल तर त्याला उकडते आहे. अंग चोरून बसले असेल आणि पिशवी वेळेवर रिकामी होत नसेल तर त्याला थंडी वाजते आहे. खोक्यात बल्ब लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु पुठ्ठ्याच्या किंवा थर्माकोलच्या खोक्यात पेटता बल्ब सोडून झोपी जाणे हा आगीशी खेळ आहे. शिवाय आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि त्या गुंडाळायला जुने मोजे मी नेहमी तयार ठेवते.

अंथरुणाबद्दलही सांगते. सपाट, गुळगुळीत जागी ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि लक्ष दिले नाही तर तसेच राहतात, म्हणून घरट्याला असते तशी खळगी हवी. मी स्वयंपाकघरातली एक खोलगट वाटी घेतली आणि तिच्यात टिश्यू पेपरचे थर दाबून बसवले. सुती कापड मऊ दिसते, पण त्याचे दोरे सुटतात. मागच्या वर्षी एका ओळखीच्यांच्या पिल्लाच्या मधल्या बोटाला केसाइतका बारीक दोरा तीन वेढे बसला होता. बोट जांभळे पडल्यावर तो दिसला. भिंगाखाली, टोकदार कात्रीने, श्वास रोखून आम्ही तो कापला. नख वाचले नाही, बोट मात्र वाचले.

खाद्याचे उद्या लिहिते, आता भरवण्याची वेळ झाली.

जास्वंद (ठाणे)

ओसरीताई, तुमचा धागा अगदी वेळेवर आला. आमच्या इमारतीच्या जिन्यात आज दुपारी एक पिल्लू पडलेले सापडले. बहुधा चिमणीचे असावे. डोळे मिटलेले आहेत, पाठीवर काळे कोंब आलेले आहेत आणि चोचीच्या कडा पिवळ्या आहेत. मी त्याला कापसात ठेवले आहे आणि कापसाच्याच बोळ्याने दोन थेंब दूध दिले आहे. अजून किती द्यावे?

गोठा (सातारा)

मी सरकारी सेवेतून निवृत्त झालेला पशुवैद्यक आहे. जास्वंदताई, पहिली गोष्ट म्हणजे दूध पूर्ण बंद करा. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्यांच्या पोटात नसते, कारण त्यांच्या जन्मात दूध हा प्रकारच नाही. त्याने हगवण लागते आणि एवढ्याशा देहातले पाणी निघून जायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट, चोचीत थेंब सोडणे बंद करा, मग ते साधे पाणी का असेना. पिल्लाने चोच वासली की जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ते श्वासनलिकेचे तोंड आहे. आपल्यासारखे त्यावर झाकण नसते. वरून सोडलेला थेंब तिथे घरंगळतो. पिल्लाला लागणारे पाणी त्याच्या ओल्या घासातूनच मिळत असते.

कापूसही काढून टाका, त्याचे तंतू नखांत आणि चोचीत अडकतात. छोट्या खोक्यात टिश्यू ठेवून त्याखाली कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा आणि खोका अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. आणि मग मला सांगा, घरटे कुठे आहे? भरवण्याचा विचार करण्याआधी मला हे उत्तर हवे आहे.

वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. खाली सापडलेली पिल्ले दोन प्रकारची असतात आणि ती ओळखता आली तर निम्मी तरी वाचतील. एक उघडे किंवा कोंबांचे पिल्लू, ज्याला धड बसताही येत नाही. ते घरट्यातून पडलेले असते आणि त्याला परत घरट्यातच ठेवायचे असते. दुसरे अंगभर पिसे आलेले, आखूड शेपटीचे, टुणटुण उड्या मारणारे. ते पडलेले नसते, ते उडायला शिकण्यासाठी स्वतःहून बाहेर आलेले असते आणि त्याचे आईबाप जवळच्या झाडावरून त्याच्यावर नजर ठेवून असतात. अशा पिल्लाला ‘वाचवून’ घरी नेले जाते, तेव्हा प्रत्यक्षात त्याची पळवापळवी झालेली असते. मांजर किंवा कुत्रा जवळ असेल तर त्याला उचलून शेजारच्या झुडपात ठेवावे आणि आपण निघून जावे.

जुना वाडा (वाई)

आमच्या लहानपणी आजी चिमणीची पिल्ले कापसात ठेवून दूधभातावर वाढवीत असे आणि ती जगत असत. शिवाय माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला चिमण्या परत जातीत घेत नाहीत, टोचून मारतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग परत ठेवून उपयोग काय?

ओसरी

वाडेकाका, हाताचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. चिमणी, बुलबुल, साळुंकी यांसारखे पक्षी आपली पिल्ले वासावरून ओळखत नाहीत, आणि घरट्यात अडकलेला त्यांचा जीव असा सहजी सुटतही नाही. या समजुतीचा उगम मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आपण पिल्लू परत ठेवतो आणि ‘बघू या येते का आई’ म्हणून तिथेच खुर्ची टाकून बसतो. आपण बसलेलो असतो म्हणून आई येत नाही. तासाभराने आपण निष्कर्ष काढतो की तिने पिल्लू टाकले.

आजीच्या पिल्लांबद्दल मी वाद घालणार नाही, परंतु आमच्याही वाड्यात असे प्रयोग होत, आणि जी जगली तीच आम्हाला आठवतात. परसात, तुळशीवृंदावनामागे पुरलेली किती होती, ते कोणी मोजले नाही. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना आधी अळ्या आणि किडेच भरवते. नुसत्या भातावर पिसे आणि हाडे उभी राहत नाहीत.

जास्वंद

घरट्याचा शोध लागला. आमच्या मजल्यावर इंटरनेटची तार टाकायला आलेल्या माणसांनी भिंतीतल्या भोकातला कचरा म्हणून जे ओढून काढले, ते घरटे होते. आता तिथे सिमेंट आहे. चिमणा-चिमणी त्या सिमेंटसमोर फडफडत आहेत. ते पाहवत नाही.

गोठा

ती फडफडत आहेत, म्हणजे काम सोपे झाले. बुटांचा खोका घ्या, एका बाजूला सुमारे दीड इंचाचे भोक पाडा, तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे करा आणि आत वाळलेले गवत दाबून खळगी करा. पिल्लू हाताला उबदार लागू लागल्यावरच आत ठेवा. खोका त्या सिमेंटपासून हातभर अंतरावर, पावसाचा झोत येणार नाही अशा बेताने बांधा. मग दार लावून घ्या आणि आतून फटीतून पाहा. दोन तासांत दोघांपैकी कोणी आत गेले नाही, तर मला लिहा.

जास्वंद

चार वाजता खोका बांधला. पाच वाजायला वीस मिनिटे कमी असताना चिमणा चोचीत हिरवी अळी घेऊन आला, खोक्याच्या कडेवर बसला, उडाला, परत आला, पुन्हा उडाला, आणि तिसऱ्या खेपेला आत शिरला. बाहेर येताना त्याच्या चोचीत पांढरे काहीतरी होते. ते काय असावे?

गोठा

ती विष्ठा. घरट्यातल्या पिल्लांची विष्ठा पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बांधून येते आणि आईबाप ती उचलून दूर टाकतात, म्हणजे घरटे कोरडे राहते आणि शत्रूला माग लागत नाही. त्याने ती नेली याचा अर्थ त्याने संसार पुन्हा मांडला. आता तुम्ही खोक्याला हात लावू नका. वाटल्यास वॉचमनला सांगून ठेवा.

गच्ची (दादर)

माझा प्रश्न पारव्याच्या पिल्लाबद्दल आहे. एसीच्या मागे दोन पिल्ले आहेत आणि आईबाप दोन दिवसांपासून आलेले नाहीत. पिल्ले पिवळ्या लवेची आहेत. मी भिजवलेली डाळ चोचीजवळ नेतो, पण ती तोंडच उघडत नाहीत. त्यांच्यात काही दोष आहे का?

गोठा

दोष काहीच नाही. पारव्याचे आणि होल्याचे पिल्लू चोच वासत नाही. ते आपली चोच आईबापाच्या घशात खुपसते आणि आतून खेचून घेते. पहिले काही दिवस त्याला तिथून मिळतो तो पिशवीच्या अस्तरापासून तयार झालेला, पनिरासारखा घट्ट स्राव, ज्याला इंग्रजीतून आलेल्या नावाने ‘कबुतराचे दूध’ म्हणतात. गाईच्या दुधाशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा त्याच्यासमोर घास धरून उपयोग नाही, घासात त्याची चोच जायला हवी. मोठ्या सिरिंजचे पुढचे टोक कापून, कड घासून गुळगुळीत करून, त्यावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात आणि मधोमध चीर देतात. पक्ष्यांच्या पिल्लांचे तयार खाद्य कोमट पाण्यात कालवून आत भरले की पिल्लू चिरेतून चोच घालून स्वतः ओढून घेते. पहिल्या वेळी तुम्हाला त्याची चोच हलकेच आत न्यावी लागेल. दुसऱ्या वेळी ते तुमची वाट पाहत नाही.

डाळ मात्र आता नको. पिसे फुटू लागल्यावर भिजवलेले दाणे हळूहळू चालतात. परळला प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. दादरहून ते तुम्हाला जवळ पडेल. एकदा दाखवून घ्या. घशात पिवळे, चिकट थर दिसले तर आजच जा, उद्यावर टाकू नका. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवा आणि वाळलेली विष्ठा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. ती धूळ श्वासात जाणे माणसाच्या फुप्फुसांना बाधते.

ओसरी

खाद्याचे लिहायचे राहिले होते. पोपटवर्गीय पिल्लांसाठी, म्हणजे कोकाटील, बजरीगर, खरे लव्हबर्ड यांच्यासाठी, तयार पूड मिळते आणि मी तीच वापरते. लहान मुलांचे दूध घातलेले खाद्य पक्ष्यांच्या बाजारात सर्रास सुचवले जाते. डॉक्टरकाकांनी वर दुधाबद्दल जे लिहिले आहे, तेच त्यालाही लागू आहे. पूड दर वेळी ताजी कालवावी आणि उरलेली टाकून द्यावी. मला टाकवत नसे, कारण अन्न वाया घालवायचे नाही हे अंगात मुरलेले आहे, परंतु एकदा पिशवी आंबलेले पिल्लू पाहिले आणि तो संकोच संपला. गळ्यापाशी नाक नेले की आंबलेल्या पिठासारखा वास येतो आणि कातडी लालसर दिसते. तिथे घरगुती उपाय करू नयेत, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जावे.

कालवलेल्या खाद्याचे तापमान ३९ ते ४१ अंश असावे. मनगटावर थेंब टाकून पाहण्याची आपली पद्धत इथे पुरत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा. ३८ च्या खाली पिल्लू तोंड फिरवते आणि खाल्ले तरी पिशवी मंदावते. ४३ च्या वर गेले तर पिशवी आतून भाजते, आणि ते लगेच कळतही नाही. काही दिवसांनी गळ्यावर खपली दिसते आणि ती पडली की तिथे भोक असते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये, कारण कडेला कोमट लागणाऱ्या घासाच्या पोटात निखारा असू शकतो.

भरवताना पिल्लाला टेबलावर टॉवेलवर बसवते, उताणे कधीच करत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत डोके हलकेच आधाराला घेते. सिरिंज त्याच्या चोचीच्या डाव्या कडेने घालून टोक त्याच्या घशाच्या उजव्या बाजूकडे ठेवते. मग थांबते. चोचीच्या कडांना स्पर्श झाला की पिल्लू मान वरखाली हलवू लागते, जणू पंपच मारते आहे. ही मान हलते तोवर श्वासनलिकेचे तोंड मिटलेले असते आणि तेवढ्याच वेळात घास सरकवायचा असतो. मान थांबली की माझा अंगठाही थांबतो. मान हलतच नसेल, तर भरवत नाही. पुन्हा ऊब तपासते. तीन वर्षांपूर्वी मला हेच माहीत नव्हते.

एका वेळी वजनाच्या दहा टक्के, फार तर बारा. ९ ग्रॅमच्या पिल्लाला म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर, आणि ते पाहून घरातल्या प्रत्येकाने ‘एवढेच?’ असे विचारले. पिशवी भरल्यावर ती बोटाला पाण्याच्या मऊ फुग्यासारखी लागावी, टणक लागू नये. पहिल्या आठवड्यात रात्री धरून दर दोन तासांनी, दोन आठवड्यांनंतर दिवसातून चार ते पाच वेळा, महिन्याचे झाल्यावर तीन वेळा. दिवसातून एकदा, बहुधा पहाटे, पिशवी पूर्ण रिकामी होऊ द्यावी. आणि रोज सकाळी पहिल्या घासाआधी सोनाराकडे असतो तसल्या लहान काट्यावर वजन करून वहीत लिहावे. पिल्लू आजारी असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसायला दोन दिवस लागतात, वहीत ते त्याच सकाळी दिसते.

फणसपोळी (सावंतवाडी)

या धाग्यात थोडे विषयाच्या कडेने लिहितो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या मुलांनी कावळ्याचे म्हणून एक पिल्लू आणले. ते काळे होते खरे, पण चोच कावळ्यासारखी नव्हती आणि ओरडणेही वेगळे होते. ते कोकिळेचे निघाले. कोकिळेचे पिल्लू कावळाच वाढवतो, तेव्हा त्याला परत देण्यासाठी कोकिळा शोधत हिंडण्यात अर्थ नव्हता. मुलांनी ज्या आंब्याखालून ते उचलले, त्याच झाडाच्या बेचक्यात मी काठीने परडी चढवली. दोन्ही कावळ्यांनी माझ्या डोक्यावर चार टोले मारले आणि मी खाली उतरताच ते त्याला भरवू लागले. डोक्यावर घमेले घेऊन चढावे, हा माझा अनुभवाचा सल्ला.

गंमत बाजूला ठेवून मुख्य मुद्दा लिहितो. रानातले पिल्लू एकट्याने, माणसाच्या मांडीवर वाढले तर ते माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते. कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, हे शाळेत वाचलेले असते. सोप्या भाषेत सांगायचे तर मी स्वतः वाढवलेली साळुंकी सोडल्यावर आठ दिवस अनोळखी लोकांच्या खांद्यावर बसत होती. नवव्या दिवशी ती कोणत्या तरी घरात शिरली, जिथे मांजर होते. तेव्हापासून नाइलाज असेल तरच मी हातावर वाढवतो, आणि तेव्हाही बोलत नाही, कुरवाळत नाही, नाव ठेवत नाही. नाव ठेवायचे नाही हेच सर्वांत अवघड जाते.

परसदार (न्यू जर्सी)

इथला अनुभव थोडक्यात लिहितो. मे महिन्यात आमच्या मागच्या अंगणात रॉबिनचे पिल्लू गवतात उड्या मारताना दिसले. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे बहुतेक देशी पक्षी परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाहीत, म्हणून मी परवानाधारक वन्यजीव केंद्राला फोन केला. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘पिसे आली आहेत का?’ मी हो म्हटल्यावर त्यांनी मला कुत्रा आत घेऊन दार लावायला सांगितले. गंमत म्हणजे घरचिमणीला या कायद्याचे संरक्षण नाही, कारण ती इथे बाहेरून आणलेली समजली जाते. आपल्या ओसरीवरची चिमणी इथे उपरी आहे.

कडेकपारी (नाशिक)

मुलीला वाढदिवसाला कोकाटील द्यायचा आहे. दुकानदार म्हणतो की बारा दिवसांचे पिल्लू घ्या, स्वतः भरवा, म्हणजे ते आयुष्यभर अंगाखांद्यावर राहील. तो पोपटाचे पिल्लूही देईन म्हणतो, शंभर टक्के बोलणारे. काय करावे?

ओसरी

पोपटाचे आधी सांगते. आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे, विकणे आणि विकत घेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते पिल्लू कितीही गोड बोलणारे असो. ही पिल्ले झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात. जखमी किंवा पोरके पिल्लू सापडले तरी ते ठेवून घेण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि माणूस येईपर्यंत उबेत ठेवावे. घुबडाच्या, घारीच्या पिल्लांच्या बाबतीत तर भरवण्याच्या भानगडीतही पडू नये. त्यांना हाडांसकट अख्खे भक्ष्य लागते. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर वाढलेल्या पिल्लांची हाडे कॅल्शियम न मिळाल्याने वाकतात, आणि ती पुढे सरळ होत नाहीत.

कोकाटीलचे पिल्लू मात्र कायद्याने घेता येईल, तरीही बारा दिवसांचे घेऊ नका, असे मी ठामपणे म्हणेन. माणसाळण्यासाठी ते सिरिंजवर वाढलेलेच असावे लागते, हे खरे नाही. आईबापांनी भरवलेली आमची तिन्ही थोरली पिल्ले मी तिसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे हातावर घेत होते आणि ती आज खांद्यावर बसून माझ्या चष्म्याची काडी कुरतडतात. शाळा, नोकरी आणि दर चार तासांनी घास हे एकत्र जमत नाही. दुकानदार बारा दिवसांचे पिल्लू देतो तेव्हा त्याची पुढची पाच-सहा आठवड्यांची मेहनत वाचते आणि जोखीम तुमच्या मुलीच्या गळ्यात पडते. तिच्या हातात पहिला पक्षी मरू नये एवढेच मला वाटते. स्वतः दाणे सोलून खाणारे, आठ-नऊ आठवड्यांच्या पुढचे पिल्लू मागा, आणि दुकानातच उभे राहून ते खाताना पाहा. भांड्याभोवती नुसती टरफले दिसली तर खाल्ले म्हणायचे. दाणे तसेच पसरलेले असले तर ते खेळत होते.

जुना वाडा

पिल्लू उडू लागले की घरात काय काळजी घ्यावी, हेही कोणी लिहावे. नातवाने एक आणलेच आहे. मी काय बोलणार!

गोठा

वाडेकाका, सर्वांत आधी पंखा. पिल्लाला खोलीत मोकळे सोडण्याआधी छताच्या पंख्याचे बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा, कारण सवयीने हात जातोच. माझ्या नोकरीच्या काळात पाळीव पक्ष्यांचे जेवढे मोडलेले पंख पाहिले, त्यांतले बरेच पंख्याने मोडलेले होते. स्वयंपाकघराचे दार बंद ठेवा. तिथे उकळते तेल तर असतेच, शिवाय नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, आणि आपल्याला त्याचा वासही येत नाही. डासांची कॉइल, धूप आणि फिनाइल त्या खोलीत नको. न्हाणीघरातली भरलेली बादली झाका. आरशावर आणि खिडकीच्या काचेवर पहिले काही दिवस कागद लावा. मांजर असेल तर तिच्या प्रेमळपणावर विसंबू नका. तिचा दात नुसता टोचला तरी पिल्लाला जंतुसंसर्ग होतो आणि अँटिबायोटिक मिळाले नाही तर ते एक-दोन दिवसांत जाते. कांदा, चॉकलेट, ॲव्होकाडो आणि आपल्या ताटातले खारट पदार्थ देऊ नका.

समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या पाठीतल्या हाडाचा, एक तुकडा पिंजऱ्याला अडकवून ठेवा. चोच घासायला होतो आणि कॅल्शियमही मिळते.

जास्वंद

चिमणीच्या खोक्याची बातमी देते. अकराव्या दिवशी पिल्लू भोकातून डोके काढून बसले होते. बाराव्या दिवशी खोका रिकामा होता आणि खाली पार्किंगमध्ये आखूड शेपटीचे एक ध्यान टुणटुण उड्या मारत होते. वॉचमनकाकांनी दुचाक्या हलवल्या आणि मुलांना तिथे खेळायला बंदी केली. मी गॅलरीतून पाहत होते, खाली गेले नाही.

ओसरी

आमच्या धाकट्याचे शेवटचे लिहिते आणि धाग्याला विश्रांती देते. पाचव्या आठवड्यात तो उडायला लागला आणि त्याचे वजन चार दिवसांत ६ ग्रॅमने उतरले. तीन वर्षांपूर्वीची मी घाबरून घास वाढवला असता. या वेळी डॉक्टरकाकांना विचारले, तर उडण्याच्या सुमारास अंग हलके होतेच असे त्यांनी सांगितले. सहाव्या आठवड्यापासून पिंजऱ्यात राळ्याचे कणीस, उकडलेला कोवळा मका आणि कोथिंबिरीची जुडी टांगू लागले. पहिले आठ दिवस त्याने कोथिंबिरीशी फक्त मारामारी केली. सिरिंज मी एकदम बंद केली नाही, दुपारची आधी सोडली, मग सकाळची. उपाशी ठेवले की शिकते, असे म्हणणारे भेटतात. पण उपाशी पिल्लू दाणे सोलायला शिकत नाही, ते कोपऱ्यात बसून ओरडत राहते.

काल दसरा होता. आज सकाळचे वजन ८४ ग्रॅम भरले. रात्रीची सिरिंज पुढे केली तेव्हा त्याने ती चोचीने बाजूला सारली आणि माझ्या मनगटावरून उतरून कणसाकडे गेला. खाद्य ओतून टाकले, सिरिंज उकळून पुसून डब्यात ठेवली.